हाकेच्या अंतरावरचे शासन : फ्रान्समधील लहान खेडे आणि त्याचा कारभार

फ्रान्समधील सर्वांत खालच्या पातळीवरील शासनसंस्थेला ‘कम्यून’ असे नाव आहे. १८७१ मधील पॅरिसच्या उठावाने किंवा पुढे समाजवादी राष्ट्रांतील सामुदायिक शेतीने या शब्दाला जे अर्थ चिकटवले, त्यांच्याशी या संस्थेचा संबंध नाही. कम्यून म्हणजे निश्चित सीमा, निवडून आलेली परिषद, त्या परिषदेने निवडलेला मेयर आणि स्वतःचे अंदाजपत्रक असलेले गाव किंवा शहर. पॅरिस हे कम्यून आहे आणि डोंगरकपारीतले ऐंशी वस्तीचे खेडेही कम्यूनच आहे. काही अपवाद सोडले तर कायद्याच्या दृष्टीने दोघांचा दर्जा एकच आहे. आजमितीस फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून असून त्यांतील निम्म्याहून अधिक कम्यूनची लोकसंख्या ५०० पेक्षा कमी आहे, आणि या सर्वांच्या परिषदांवर मिळून सुमारे पाच लाख सदस्य बसतात. शेजारच्या देशांनी विसाव्या शतकात आपली लहान गावे कारभारासाठी एकमेकांत विलीन करून टाकली. बेल्जियमने १९७७ मध्ये सुमारे २,३०० स्थानिक संस्थांच्या सहाशेहून कमी संस्था केल्या. फ्रान्सने मात्र हे केले नाही. हा जुन्याचा मोह आहे असे अनेक अर्थतज्ज्ञ मानतात. या व्याख्यानात मांडायचा विचार त्याहून वेगळा आहे. कम्यूनचे लहानपण हा नियोजनातला राहून गेलेला दोष नाही. नागरिकाने राज्य स्वतःच्या हातांनी चालवावे या अपेक्षेची ती किंमत आहे, आणि फ्रेंच समाजाने ती वेळोवेळी, विचारपूर्वक मोजलेली आहे.

ही निवड प्रथम झाली ती १७८९ मध्ये. राज्यक्रांतीच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रीय सभेपुढे देशाची नवी विभागणी कशी करावी हा प्रश्न आला, तेव्हा सियेस आणि तुरे या सभासदांच्या योजनेत संपूर्ण देशाचे ‘देपार्तमाँ’ पाडून, म्हणजे ढोबळमानाने जिल्हे पाडून, प्रत्येकात नऊ अशा सुमारे ७२० प्रशस्त कम्यून कल्पिल्या होत्या. त्या भूमितीच्या शिस्तीने आखलेल्या होत्या आणि कारभाराला सोयीच्या होत्या. सभेतील दुसरा सभासद मिराबो याने या योजनेला विरोध केला. जी गावे आधीच अस्तित्वात आहेत, जिथे लोक एकाच चर्चच्या घंटेखाली जमतात, एकाच स्मशानभूमीत पुरले जातात आणि एकमेकांना नावाने ओळखतात, तीच नव्या राज्यघटनेचा पाया असावीत, असा त्याच्या बाजूच्या युक्तिवादाचा आशय होता. अखेर १४ डिसेंबर १७८९ च्या कायद्याने जुन्या धार्मिक पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चला जोडलेल्या वस्त्यांच्या, जागी चाळीस हजारांहून अधिक नगरपालिका उभ्या राहिल्या. इथे एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. ब्रिटिश अधिकारी चार्ल्स मेटकाफने १८३० मध्ये भारतीय खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले, तेव्हा राजवटी आल्या-गेल्या तरी खेडे आपल्या जागी टिकून राहते, म्हणजे ते राज्याच्या बाहेर उभे असते, असे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने या चित्रातील विषमता आणि ओझी पुढे उघडी केली. फ्रान्समधील खेड्याला मात्र त्याचे राजकीय रूप राष्ट्रीय सभेनेच दिले. त्यामुळे कम्यून ही राज्याविरुद्धची गढी नाही, ती राज्याचीच सर्वांत खालची पायरी आहे. या दुहेरी स्वभावातच तिचे बळ आहे आणि तिची कुचंबणाही आहे.

लहान गावे मोडून पाहण्याचा प्रयोगही फ्रान्सने फार लवकर केला, हे सहसा सांगितले जात नाही. १७९५ च्या राज्यघटनेने ५,००० हून कमी वस्तीच्या कम्यूनना स्वतंत्र परिषद नाकारली, प्रत्येक गावात केवळ एक प्रतिनिधी आणि त्याचा सहायक ठेवला आणि अनेक गावांची मिळून एक नगरपालिका केली. ही व्यवस्था पाच वर्षेही धड टिकली नाही. नेपोलियनने १८०० मध्ये गावांना मेयर परत दिले खरे, पण ते नेमण्याचा अधिकार वरच्या सत्तेकडे ठेवला. ‘प्रीफेक्ट’ हा देपार्तमाँमधील केंद्र सरकारचा प्रतिनिधी, साधारणपणे महाराष्ट्रातील जिल्हाधिकाऱ्यासारखा. लहान गावाचा मेयर तोच नेमू लागला. १८३१ पासून परिषद निवडून येऊ लागली, पण मताचा अधिकार कर भरणाऱ्या सधन पुरुषांपुरताच होता. १८४८ च्या क्रांतीने गावाला मेयर निवडण्याचा हक्क दिला आणि त्यानंतरच्या साम्राज्याने तो काढून घेतला. एकोणिसाव्या शतकातील प्रत्येक राजवटीने गावाचा मेयर कोणी निवडायचा हा प्रश्न नव्याने सोडवला, यावरूनच त्या पदाचे वजन लक्षात येते. अखेर १८८२ मध्ये पॅरिस वगळता सर्वत्र मेयर निवडण्याचा अधिकार परिषदेला मिळाला. पॅरिसला त्यासाठी १९७७ पर्यंत थांबावे लागले. राजधानीच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी खेड्याच्या हातात आपला प्रमुख निवडण्याची सत्ता आली, ही गोष्ट फ्रेंच लोकशाहीच्या इतिहासात फार मोलाची आहे.

५ एप्रिल १८८४ चा कायदा हा कम्यूनचा पायाभूत कायदा मानला जातो. गावाच्या बाबींचा निर्णय परिषद आपल्या ठरावांनी करील, हे त्यातले मूलतत्त्व. त्याचबरोबर परिषदेच्या बैठका जनतेला खुल्या झाल्या आणि प्रत्येक कम्यूनला गावकचेरीसाठी जागा ठेवणे बंधनकारक झाले. १८३३ च्या गिझोच्या कायद्याने प्रत्येक कम्यूनवर मुलांच्या प्राथमिक शाळेची जबाबदारी आधीच टाकली होती, आणि १८८१–८२ च्या ज्यूल फेरीच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले. त्यामुळे फ्रान्सभर एक विशिष्ट इमारत उभी राहिली. तिच्या मध्यभागी गावकचेरी, एका बाजूला मुलांचा वर्ग आणि दुसऱ्या बाजूला मुलींचा. अनेक ठिकाणी गावचा शिक्षकच गावकचेरीचा चिटणीस असे, म्हणजे दिवसा मुलांना शुद्धलेखन शिकवणारा माणूस संध्याकाळी परिषदेचे इतिवृत्त लिहून काढी. याच १८८४ च्या कायद्यात चर्चच्या घंटाघराच्या किल्ल्यांविषयीही तरतूद होती. एक किल्ली धर्मगुरूकडे आणि दुसरी मेयरकडे. पुढे १९०५ च्या कायद्याने धर्मसंस्था आणि राज्य यांची फारकत झाली, आणि त्यापूर्वी बांधलेली गावोगावची कॅथलिक चर्चे कम्यूनच्या मालकीची ठरली. परिणामी धर्माशी आपला संबंध नाही असे घटनेत सांगणाऱ्या प्रजासत्ताकातील खेडे आजही आपल्या तुटपुंज्या अंदाजपत्रकातून चर्चच्या छपराच्या पाटीफरशा बदलत असते. यात विसंगती पाहणारे आहेत. प्रत्यक्षात मात्र चर्च कोणाचेही असले तरी ते गावाचे आहे, अशी समजूत या व्यवस्थेने पक्की केली, आणि ती फारकतीनंतरच्या कटुतेवर बऱ्याच प्रमाणात उतारा ठरली. २२ सप्टेंबर १९०० रोजी, पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने, त्विलरीच्या बागेत देशभरातील मेयरांना भोजन देण्यात आले, आणि वीस हजारांहून अधिक लोक एकाच वेळी जेवायला बसले. आपला खरा आधार संसदेच्या दालनांत नसून गावकचेऱ्यांत आहे, हे प्रजासत्ताकाने त्या दिवशी जाहीरपणे मान्य केले.

लहान गावाच्या मेयरचे काम समजून घ्यायचे तर त्याच्या दोन भूमिका वेगळ्या करून पाहाव्या लागतात. पहिल्या भूमिकेत तो परिषदेचा कार्यकारी प्रमुख असतो. रस्त्याची डागडुजी, पाणी, स्मशानभूमी, शाळेची इमारत, सभागृहाचे भाडे ही कामे तो परिषदेच्या ठरावानुसार करतो. दुसऱ्या भूमिकेत तो राज्याचा प्रतिनिधी असतो आणि तिथे परिषद त्याला आदेश देऊ शकत नाही. २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद चर्चकडून काढून गावाच्या नगरपालिकेकडे सोपवली, आणि तेव्हापासून ती नोंदवही गावकचेरीत आहे. फ्रान्समध्ये कायदेशीर विवाह केवळ गावकचेरीतच होतो आणि धार्मिक विधी करायचा असल्यास तो त्यानंतर. मेयर किंवा त्याचा सहायक तिरंगी पट्टा अंगावर घेऊन, सभागृहाचे दार उघडे ठेवून, वधूवरांना नागरी संहितेतील कलमे वाचून दाखवतो. परस्परांचा आदर, निष्ठा, साहाय्य, घरखर्चाचा वाटा आणि मुलांचे संगोपन यांविषयीची ती कलमे आहेत. भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचे छायाचित्र, कोपऱ्यात प्रजासत्ताकाचे प्रतीक असलेल्या मारियानचा अर्धपुतळा, आणि समोर तो माणूस जो सकाळी ट्रॅक्टरवर होता. त्याच माणसाने तीस वर्षांपूर्वी वधूच्या जन्माच्या नोंदीखाली सही केलेली असणे लहान गावात अशक्य नसते. राज्य नावाची अमूर्त गोष्ट नागरिकाला इतक्या जवळून क्वचितच दिसत असेल.

याच मेयरकडे गावातील शांतता, सुरक्षितता आणि आरोग्य यांविषयी पोलिसी स्वरूपाचे अधिकारही असतात. मोडकळीस आलेली भिंत पाडायचा आदेश, मोकाट कुत्र्याचा बंदोबस्त, पुरात रस्ता बंद करण्याचा निर्णय, रानात कचरा टाकणाऱ्याला दंड, हे सारे त्याच्याकडे येते. पैशाच्या बाबतीत मात्र त्याचे हात बांधलेले आहेत आणि ते योग्यच आहे. फ्रेंच सार्वजनिक हिशेबाचा जुना नियम असा की खर्चाचा आदेश देणारा आणि प्रत्यक्ष पैसे देणारा हे वेगळे असावेत. मेयर देयक मंजूर करतो, पण रक्कम चुकती करतो तो राज्याचा कोषाधिकारी, आणि त्यालाच कम्यूनचे खाते हाताळता येते. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीत सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त सह्यांनी धनादेश निघतो, म्हणजे दोन्ही किल्ल्या गावातच राहतात. फ्रान्समध्ये एक किल्ली गावाबाहेर ठेवलेली आहे. १९८२ पूर्वी कम्यूनच्या अनेक निर्णयांना प्रीफेक्टची पूर्वसंमती लागे. त्या वर्षीच्या २ मार्चच्या कायद्याने ती पद्धत संपवली आणि आता प्रीफेक्टला एखादा ठराव बेकायदा वाटला तर त्याने प्रशासकीय न्यायालयात जावे लागते.

निवडणुकीची रीत अधिक तपशिलाने पाहण्याजोगी आहे, कारण गावातले संबंध तिथे उघड होतात. शंभरहून कमी वस्तीच्या गावाला सात सदस्यांची परिषद आणि १०० ते ४९९ वस्तीच्या गावाला अकरा सदस्यांची परिषद कायद्याने ठरलेली असून मुदत सहा वर्षांची आहे. मतदानानंतरच्या शुक्रवार ते रविवार या दिवसांत नवी परिषद भरते, वयाने सर्वांत ज्येष्ठ सदस्य अध्यक्षस्थानी बसतो आणि गुप्त मतदानाने मेयर निवडला जातो. पहिल्या दोन फेऱ्यांत निर्विवाद बहुमत लागते, तिसऱ्या फेरीत ज्याला अधिक मते तो जिंकतो आणि मते समान पडली तर वयाने मोठा निवडून आला असे धरतात. एकदा निवडलेल्या मेयरला परिषद अविश्वास ठरावाने काढू शकत नाही. महाराष्ट्रात सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. शिवाय येथे ग्रामसभेला स्वतंत्र कायदेशीर स्थान आहे, जे फ्रान्समध्ये नाही. तिथल्या परिषदेची बैठक खुली असली तरी प्रेक्षकाला बोलण्याचा हक्क नसतो. या एका बाबतीत फ्रान्सने महाराष्ट्राकडून शिकण्यासारखे आहे, असे निःसंकोचपणे म्हणता येते.

१,००० हून कमी वस्तीच्या गावांत अलीकडेपर्यंत एक खास पद्धत होती. मतदार छापील यादीतली नावे खोडू शकत असे, दुसऱ्या यादीतली नावे त्यात मिसळू शकत असे आणि मतमोजणी प्रत्येक व्यक्तीच्या नावावर स्वतंत्रपणे होत असे. २०१४ पर्यंत तर उमेदवारी जाहीर न केलेल्या माणसाचे नावही मतपत्रिकेवर लिहिता येई, त्यामुळे आपण उभेच राहिलो नव्हतो असे म्हणणारा माणूस निवडून आल्याचे सकाळी कळे. या पद्धतीत पक्षाला जागा नव्हती, माणसाची पारख होती. कोणाचे नाव किती जणांनी खोडले हे मतमोजणीच्या टेबलाभोवती उभे असलेले सारे गाव पाहत असे, आणि मेयर म्हणून वीस वर्षे राबलेल्या माणसाला आपल्या शेजाऱ्यांचे खरे मत त्या रात्री कळे. तिची दुसरी बाजू अशी की स्त्रिया मागे पडत. फ्रेंच स्त्रियांना मताधिकार एप्रिल १९४४ च्या आदेशाने मिळाला आणि त्यांनी तो प्रथम वापरला तो २९ एप्रिल १९४५ च्या नगरपालिका निवडणुकांत. २००० च्या कायद्याने याद्यांमध्ये स्त्री-पुरुषांची संख्या समान असण्याची अट घातली, पण ती ३,५०० हून अधिक वस्तीच्या कम्यूनपुरती होती. २०१३ मध्ये ती मर्यादा १,००० पर्यंत खाली आली, आणि त्याखालच्या हजारो गावांत जुनी रीत तशीच राहिली. २०२० च्या निवडणुकांनंतरही दर पाच मेयरांमागे जेमतेम एक स्त्री होती. अखेर २१ मे २०२५ च्या कायद्याने, मार्च २०२६ च्या निवडणुकांपासून, सर्व लहान गावांतही स्त्री-पुरुष आलटून-पालटून असलेली यादीच निवडावी लागेल असे ठरले आणि नावे खोडण्याचा हक्क गेला. साठ-सत्तर मतदारांच्या गावात पूर्ण यादी जमवणेच कठीण, ही तक्रार खोटी नाही, म्हणून यादीत दोन नावे कमी असली तरी चालतील अशी सवलत कायद्याने दिली. नाव खोडण्याचा हक्क गेल्याने गावाने काहीतरी गमावले, हे मान्य करूनही हा बदल योग्य दिशेने आहे असेच म्हणावे लागेल. ज्या राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्या महाराष्ट्राला हे पटवून देण्याची गरज नसावी.

सामूहिक मालकी हा कम्यूनचा आणखी एक आधार आहे. पूर्व फ्रान्समध्ये, ज्युरा आणि लोरेन या भागांत, अनेक कम्यूनच्या मालकीची जंगले आहेत आणि त्यांतील लाकडावर गावकऱ्यांचा ‘अफुआज’ नावाचा हक्क आजही चालतो. अफुआज म्हणजे गावातील प्रत्येक चुलीला हिवाळ्यासाठी जळण मिळण्याचा हक्क. राष्ट्रीय वनसंस्थेचा कर्मचारी कोणती झाडे काढायची ते ठरवतो आणि त्यांच्या खोडावर हातोडीने शिक्का उमटवतो. नंतर परिषद त्या वर्षीचा अफुआज जाहीर करते, हक्कदारांची यादी करते आणि वाटप दर चुलीमागे करायचे, दर डोईमागे करायचे की दोन्हींचा मेळ घालायचा हे ठरवते. झाडे पाडण्याची जबाबदारी घेणारे तीन जामीनदार गावकऱ्यांतूनच नेमले जातात आणि काही चुकले तर कायदा त्यांना धरतो. वाटे चिठ्ठ्या टाकून मिळतात. त्यासाठी परिषदेने ठरवलेला थोडासा कर भरावा लागतो. ठरलेल्या मुदतीत लाकूड तोडून नेले नाही तर हक्क जातो आणि ते विकण्यास मनाई आहे. कोणाला रस्त्यालगतचा सोपा वाटा मिळतो, तर कोणाला उताराच्या टोकाला असलेला, जिथून एक घनमीटर रचलेले लाकूड, ज्याला तिथे ‘स्तेर’ म्हणतात, खाली आणायला दिवस मोडतो. वृद्धांचा वाटा शेजारी तोडून देतात. गरम पाण्याच्या नळ्यांनी उबदार होणाऱ्या घरातल्या लोकांनाही हा हक्क सोडवत नाही, कारण आपण या गावचे आहोत याचा तो वार्षिक पुरावा असतो. उपयुक्ततेच्या हिशेबाने तोलले तर यातले काहीच टिकणार नाही, आणि तरीही ते शतकानुशतके टिकून आहे.

खेड्यातील जीवन मात्र या काळात मुळापासून बदलले. अर्थशास्त्रज्ञ झाँ फुरास्तिये यांनी १९७९ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात दोन गावांची तुलना केली. पहिल्या गावात ५३४ माणसे होती आणि कमावत्या २७९ जणांपैकी २०८ शेतकरी. दुसऱ्यात ६७० माणसे होती आणि कमावत्या २१५ जणांपैकी फक्त ५३ शेतकरी. वाचकाला ती दोन वेगळ्या देशांतली वाटावीत अशीच मांडणी होती, आणि मग लेखकाने सांगितले की ही दोन्ही गावे म्हणजे लो नदीकाठचे दुएल हे एकच खेडे, एकदा १९४६ मधले आणि एकदा १९७५ मधले. तीस वर्षांत शेती हा गावाचा धर्म राहिला नाही, तो काही कुटुंबांचा व्यवसाय झाला. शहरी वस्तीने ग्रामीण वस्तीला मागे टाकले ते १९३१ च्या सुमारास, आणि त्यानंतर शाळेचे वर्ग मिटत गेले. आज अनेक गावे मिळून एक शाळा चालवतात. एका गावात लहान मुले, दुसऱ्यात मोठी, आणि सकाळी बस त्यांना एका गावातून दुसऱ्यात नेते. शेवटचे दुकान बंद पडू लागले की कम्यून स्वतःच ती जागा विकत घेऊन पाव, किराणा आणि कॉफी एकाच ठिकाणी मिळेल असे दुकान चालवायला देते. टपाल खाते निघून गेले की गावकचेरीतच टपालाची खिडकी उघडते. १९०१ च्या कायद्याखाली नोंदलेली मंडळे, म्हणजे उत्सवसमिती, शिकारी संघ, ज्येष्ठांचे मंडळ, गावाचे सभागृह जागते ठेवतात. शहरातून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे आणि सुट्टीपुरती उघडणारी घरे यांमुळे काही गावे पुन्हा भरली, तरी त्यांच्याबरोबर पहाटेच्या कोंबड्याविषयी आणि शेणाच्या वासाविषयी तक्रारीही आल्या, आणि त्या सोडवायला अर्थातच मेयरचेच दार वाजते.

या पदाचे ओझे त्यामुळे वाढत गेले. ५०० हून कमी वस्तीच्या गावच्या मेयरला मिळणारे मानधन महिन्याला हजार युरोंच्या आसपास असते, आणि त्याच्या हाताशी अनेकदा एकच चिटणीस असतो, तोही आठवड्यातून दोन-तीन अर्धे दिवस येणारा आणि उरलेल्या वेळी शेजारच्या गावांची वही लिहिणारा. या चिटणीसांना अधिक दर्जा मिळावा म्हणून ३० डिसेंबर २०२३ रोजी स्वतंत्र कायदा करावा लागला, कारण त्यांच्यावाचून खेड्यातील गावकचेरी चालू शकत नाही हे सर्वांना उमगले होते. ५ ऑगस्ट २०१९ रोजी दक्षिणेतील व्हार देपार्तमाँमधील सिञ या गावाचे मेयर झाँ-मात्यू मिशेल रस्त्याच्या कडेला बांधकामाचा राडारोडा टाकणाऱ्यांना अडवायला गेले आणि त्यांच्या गाडीखाली सापडून मृत्यू पावले. ते ७६ वर्षांचे होते आणि १९८३ पासून मेयर होते. त्या घटनेने देश हादरला. गावाचा कायदा पाळला जावा म्हणून स्वतः रस्त्यावर उभा राहणारा माणूस किती एकटा असतो, हे तेव्हा सर्वांना दिसले. त्याच वर्षाअखेर संमत झालेल्या कायद्याने मेयरांचे मानधन आणि संरक्षण वाढवले. एकटेपण मात्र कायद्याने दूर होत नाही.

कम्यून ही संस्था माणसांवाचूनही टिकू शकते, याचे उदाहरण ईशान्येकडील म्यूझ देपार्तमाँत आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ मधील व्हर्दूनच्या लढाईत, नऊ गावे तोफांच्या माऱ्याने नामशेष झाली. त्यांतील फ्लरी-दव्हाँ-दुओमाँ या गावात १९१३ साली ४२२ माणसे राहत होती. युद्धानंतर तिथली जमीन न फुटलेल्या तोफगोळ्यांनी आणि विषारी वायूने इतकी दूषित होती की कोणालाही परतू देणे शक्य नव्हते. नकाशावरून ही नावे पुसून टाकणे सोपे होते. राज्याने ते केले नाही. नऊपैकी सहा गावे आजही कायद्याने कम्यून आहेत, त्यांची लोकसंख्या शून्य आहे, आणि प्रीफेक्ट त्या प्रत्येकासाठी तीन जणांची समिती आणि मेयरचे अधिकार असलेला अध्यक्ष नेमतो. फ्लरीत आता झाडी वाढली आहे. पायवाटेच्या कडेने पाट्या आहेत. इथे पाववाल्याचे दुकान होते, इथे शेतकऱ्याचे घर, इथे शाळा. इतरत्र, जवळजवळ प्रत्येक गावात, गावकचेरीसमोर किंवा चर्चपाशी पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या नावांचा स्तंभ आहे, आणि दर ११ नोव्हेंबरला मेयर ती नावे वाचतो. दोनशे वस्तीच्या गावात तीस नावे असतात आणि त्यांत एकच आडनाव तीनदा येते, तेव्हा त्या घराण्याचे पुढे काय झाले असेल याचा हिशेब ऐकणाऱ्याला आपोआप करावा लागतो.

या संस्थेची एक शाखा भारतातही रुजली होती. १२ मार्च १८८० च्या आदेशाने फ्रान्सने पुदुच्चेरी आदी आपल्या भारतीय वसाहतींत कम्यून स्थापन केल्या. मतदारयाद्या वंश आणि वर्गानुसार विभागलेल्या असल्यामुळे तिथे समतेचा आशय बराच पातळ झाला होता, हे विसरता येत नाही. तरीही १८ ऑक्टोबर १९५४ रोजी कीळूर येथे विलीनीकरणाचा प्रश्न मताला आला, तेव्हा मत दिले ते तेथील प्रतिनिधीगृहाच्या आणि नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी. १७८ पैकी १७० जणांनी भारताच्या बाजूने मत दिले. वसाहतीच्या शासनाने उभारलेल्या गावपरिषदांनीच त्या शासनाचा शेवट केला, आणि पुदुच्चेरीच्या ग्रामीण भागातील स्थानिक संस्था आजही कम्यून पंचायत याच नावाने ओळखल्या जातात.

खुद्द फ्रान्समध्ये मात्र खेड्याच्या हातून एकेक काम वर सरकत आहे. गावांनी मिळून पाणी किंवा वीज यांसारख्या कामासाठी संघ स्थापावा ही सोय १८९० पासून होती. १९७१ मध्ये विलीनीकरणाला चालना देणारा कायदा झाला आणि त्याला फारच थोडा प्रतिसाद मिळाला. म्हणून १९९२ पासून वेगळा मार्ग धरण्यात आला. कम्यून राहू द्यायची, पण कचरा, आर्थिक विकास, जमीनवापराचे नियोजन ही कामे ‘कम्यूनसमूह’ या वरच्या संस्थेकडे द्यायची. २०१५ च्या कायद्याने अशा समूहाची लोकसंख्या, डोंगराळ आणि विरळ वस्तीचे प्रदेश सोडता, किमान १५,००० असावी असे ठरवले. परिणामी अनेक देपार्तमाँत तीस-चाळीस गावांचे समूह तयार झाले, जिथे लहान गावाला समूहाच्या सभेत एकच जागा मिळते आणि तिथला मेयर घरी परतल्यावर गावकऱ्यांना सांगतो की निर्णय तिकडे झाला. २०२३ पासून मुख्य निवासावरील रहिवासकरही पूर्णपणे रद्द झाला, त्यामुळे भाड्याने राहणारे कुटुंब आणि त्याचे गाव यांमधला कराचा धागा तुटला. ज्याला गाव कर मागत नाही, त्याला गाव हिशेब कशाचा देणार, हा प्रश्न तेव्हा पुरेशा गंभीरपणे विचारला गेला नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र गावांनी माघार घेतली नाही. २०१५ च्या कायद्याने पाणीपुरवठा आणि सांडपाणी ही दोन्ही कामे सक्तीने समूहाकडे द्यायची होती. गावांच्या विरोधामुळे मुदत २०२० वरून २०२६ पर्यंत लांबली. डोंगराळ भागातील मेयरांचे म्हणणे साधे होते. आमच्या झऱ्याचे पाणी कोणत्या दगडाखालून येते, कोणत्या हिवाळ्यात नळी गोठते आणि उन्हाळ्यात कोणत्या वाडीला पहिल्यांदा कमी पडते, हे गावातल्या माणसाला ठाऊक आहे, चाळीस किलोमीटरवरच्या कार्यालयाला नाही. मोठ्या संस्थेकडे अभियंते असतात, नळ्या बदलण्यासाठी कर्ज घेण्याची ऐपत असते, आणि गळतीने निम्मे पाणी वाया घालवणाऱ्या गावांची उदाहरणेही होतीच. त्यामुळे हा वाद शहाणे विरुद्ध अडाणी असा कधीच नव्हता. ११ एप्रिल २०२५ च्या कायद्याने संसदेने सक्ती मागे घेतली. ज्या गावांनी पाणी अजून सोपवलेले नाही, त्यांनी ते सोपवायचे की नाही, आणि कोणाशी मिळून चालवायचे, हे आता त्या गावांच्या परिषदाच ठरवतात.